लेनोव्हो थिंकस्मार्ट व्ह्यूवर पोस्टमार्केटओएस: कुणी केलंय का?

पेंग्विनपंत | सोमवार, रात्री ९.४२

मंडळी, लेनोव्होचा थिंकस्मार्ट व्ह्यू नावाचा आठ इंची डिस्प्ले घेतला आहे. २०२० मध्ये हा ऑफिसच्या टेबलावर मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या मीटिंगा घ्यायला म्हणून आला होता. इकडे न्यू जर्सीत कचेऱ्या आवरताना असले डबे निघतात आणि ईबेवर जुन्या टॅब्लेटच्या भावात मिळतात. आत क्वालकॉमची एपीक्यू८०५३ चिप, २ जीबी रॅम, ८ जीबी साठवण, १२८० बाय ८०० चा टच पडदा. अँड्रॉइड ८.१, आणि त्यावर टीम्सचं लॉगिन मागणारा पडदा. कंपनीचं खातं नसेल तर गाडी तिथेच थांबते.

मला तो स्वयंपाकघरात ओट्याशेजारी लावायचाय. होम असिस्टंटचा (घरातली उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) डॅशबोर्ड, पुढच्या ट्रेनची वेळ, आणि आई इथे येते तेव्हा तिला आजची तिथी दिसली पाहिजे. पोस्टमार्केटओएस म्हणजे जुन्या फोन-टॅब्लेटवर चढवायचं लिनक्स; त्याच्या विकीवर या डब्याचं पान आहे एवढं पाहिलं. लिनक्स रोज वापरतो, पण उबुंटूच्या पलीकडे गेलेलो नाही. कुणी हे प्रत्यक्ष केलंय का? आणि मुळात करावं का?

कोथरूडचा_कर्नल | सोमवार, रात्री १०.३०

पंत, करा. डबा चांगला निवडलात, आणि तो चांगला का हे आधी सांगतो, म्हणजे पुढे कुणाला दुसरा घ्यायचा असेल तर उपयोगी पडेल.

एपीक्यू८०५३ ही स्नॅपड्रॅगन ६२५ च्याच घरातली चिप, फक्त मोबाइलचा मोडेम काढलेला. ६२५ म्हणजे २०१७ मध्ये आपल्याकडे दर दुसऱ्या हातात असलेला रेडमी नोट ४. मी ए१ आणि मोटो जी५ प्लससुद्धा त्याच चिपचे. त्या फोनांसाठी हौशी लोकांनी वर्षानुवर्षं खपून ही चिप मेनलाइनवर, म्हणजे लिनक्सच्या मूळ, सगळ्यांसाठीच्या कर्नलवर चालती केली. क्लॉक, रेग्युलेटर, अॅड्रिनो ५०६ चं ग्राफिक्स, सगळं. डिस्प्लेवाल्यांना ते आयतं मिळालं. या डब्यासाठी वेगळं करायचं उरलं ते पॅनेल, टच, आवाजाची जोडणी आणि डिव्हाइस ट्री, म्हणजे कुठल्या पिनेला काय जोडलंय याचा नकाशा. तेव्हा स्मार्ट डिस्प्ले घेताना पडदा किती इंची हे नंतर बघा. ती चिप कुठल्या खपाऊ फोनात होती आणि बूटलोडर (चालू होताना सिस्टिम चढवणारा प्रोग्राम) उघडतो का, हे आधी.

आता बॅकअप. इन्स्टॉलेशनचं उद्या लिहितो, कारण बॅकअपशिवाय तुम्ही ते करू नये अशी माझी इच्छा आहे.

डब्यावर एक लपवलेला यूएसबी-सी पोर्ट आहे, तो शोधा. क्वालकॉमच्या चिपला आणीबाणीचा एक मोड असतो, ईडीएल. त्यात गेल्यावर पडदा काळाच राहतो, लोक घाबरतात. पण संगणकावर यूएसबीची यादी काढली की ०५सी६:९००८ असं उपकरण दिसतं. हा मोड चिपच्या बूटरॉममध्ये, म्हणजे सिलिकॉनमध्येच कोरलेला आहे. वरचं सॉफ्टवेअर कितीही बिघडलं तरी तिथे परत जाता येतं. कंपनीची सही असलेली ‘फायरहोज’ फाइल तिथे चढवली की सगळी ईएमएमसी, म्हणजे आतली साठवण, वाचता-लिहिता येते. विंडोजवर त्यासाठी क्यूफिल आहे, लिनक्सवर पायथनमधलं ईडीएल नावाचंच हत्यार.

आठच्या आठ जीबी उतरवून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. फक्त सिस्टिम विभाग उतरवून ‘झाला बॅकअप’ म्हणू नका. वायफायचा मॅक पत्ता, सेन्सरचं कॅलिब्रेशन असल्या त्या-त्या नगापुरत्या गोष्टी ‘पर्सिस्ट’सारख्या लहानशा विभागांत असू शकतात. त्या नेटवर कुणी दुसऱ्याने टाकलेल्या इमेजमधून मिळत नाहीत. किंवा मिळतात, आणि मग घरात दोन डबे एकाच मॅक पत्त्याने नांदतात.

नवखा_नारायण | सोमवार, रात्री ११.०५

वाचनखूण साठवली. बाळबोध प्रश्न: याच डब्यासाठी लिनेजओएसपण (हौशी लोकांनी बनवलेलं अँड्रॉइड) आहे ना? होम असिस्टंटचं अँड्रॉइड अॅप टाकलं की काम झालं. एवढा खटाटोप कशाला?

कोथरूडचा_कर्नल | मंगळवार, सकाळी ७.१५

बाळबोध अजिबात नाही, बहुतेकांनी तेच करावं. व्हिडिओ कॉल हवे असतील तर डोळे झाकून अँड्रॉइडच. कॅमेरा ही मेनलाइन कर्नलवर सगळ्यात शेवटी चालणारी गोष्ट असते, आणि कंपनीचे कॅमेऱ्याचे ड्रायव्हर अँड्रॉइडबाहेर निघत नाहीत.

पण या डब्याचं लिनेज म्हणजे १५.१, आणि १५.१ म्हणजे अँड्रॉइड ८.१. गूगलने त्या आवृत्तीचे सुरक्षा पॅच २०२१ मध्येच थांबवले. खाली कर्नलही कंपनीने त्या काळी दिला तोच. वेब पान दाखवायला काही वर्षं चालेल. मग एक दिवस ब्राउझर म्हणेल आता अँड्रॉइड ८ चालणार नाही, आणि डबा पुन्हा अडगळीत. पोस्टमार्केटओएस हे अल्पाइन लिनक्सवर उभं आहे. कर्नल नवा, ब्राउझर नवा. फोन दहा वर्षं चालला पाहिजे, हेच २०१७ मध्ये प्रकल्प सुरू करताना त्यांनी ध्येय ठेवलं होतं.

याच थिंकस्मार्टची जुळी भावंडं, म्हणजे लेनोव्होचे घरगुती स्मार्ट डिस्प्ले, जेबीएल लिंक व्ह्यू आणि एलजीचा एक, यांना यापुढे सॉफ्टवेअर अपडेट देणार नाही असं गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं. पडदे ठणठणीत, सॉफ्टवेअर मात्र थांबलेलं.

म्हापसेकर | मंगळवार, सकाळी ९.२०

सगळं वाचलं. आता थोडं पाणी ओततो. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घ्या, त्यांचा सात इंची टच डिस्प्ले २ घ्या (२०२४ मध्ये आला, तेव्हा किंमत ६० डॉलर), एसडी कार्ड घाला, अर्ध्या तासात डॅशबोर्ड चालू. ईडीएल नाही, फायरहोज नाही, रात्रीची जागरणं नाहीत. लोक स्वस्त म्हणून जुना डबा घेतात आणि स्वतःच्या वेळेची किंमत शून्य धरतात.

पेंग्विनपंत | मंगळवार, सकाळी १०.०२

मुद्दा मान्य. पण पाय, पडदा, अॅडॅप्टर, केस, स्पीकर आणि माइक धरला की हिशोब वाढत जातो. आणि शेवटी ओट्यावर जे उभं राहतं त्याला बायको ‘तुझा प्रयोग’ म्हणते. हा डबा निदान दिसायला घरातली वस्तू वाटतो.

स्वयंपाकघर_सीटीओ | मंगळवार, दुपारी १.४०

पंतांच्या शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन.

माझ्याकडे नाशिकला एको शो ५ आहे. अमेरिकेतल्या काही एकोंवर ‘आवाजाची रेकॉर्डिंग पाठवू नका’ असा पर्याय होता, तोही अॅमेझॉनने २८ मार्च २०२५ पासून काढून टाकला. ते वाचल्यापासून माझ्या एकोचा माइक बंद करून ठेवलाय. म्हणजे आता तो महागडं घड्याळ आहे. त्याच्यावर हे लिनक्स बसेल का?

कोथरूडचा_कर्नल | मंगळवार, दुपारी ३.१०

ताई, एको शोची गोष्ट वेगळी. तिथे मीडियाटेकची चिप आणि कुलूपबंद बूटलोडर. चिपच्या बूटरॉममधल्या फटीतून आत शिरून लोकांनी काही जुन्या मॉडेलांचं कुलूप काढलं आहे. त्यांच्यासाठी लिनेजओएस १८.१ चे अनधिकृत बिल्ड आहेत, म्हणजे अँड्रॉइड ११. पण ते पिढी पाहून. पहिल्या पिढीची कृती तिसऱ्या पिढीवर करायला गेलात तर घड्याळही उरणार नाही. आधी मागचा मॉडेल नंबर पाहा. आणि ठरवेपर्यंत तो वायफायवरून काढून ठेवा, कारण बूटरॉम बदलता येत नसलं तरी त्या फटीपर्यंत पोचायचा रस्ता कंपनी अपडेटमधून बंद करू शकते.

म्युनिकची_मावशी | मंगळवार, सायंकाळी ५.२५

त्या ‘वायफायवरून काढा’ला एक दाखला जोडते, कारण मला ती गोष्ट फार आवडते.

गूगल नेस्ट हब, दुसरी पिढी. एका सुरक्षा संशोधकाने २०२२ मध्ये त्यावर उबुंटू चालवून दाखवलं. हबच्या बुडाशी एक लपवलेला यूएसबी पोर्ट आहे. आवाजाची दोन्ही बटणं दाबून चालू केलं की बूटलोडर यूएसबी ड्राइव्हवर रिकव्हरीची फाइल शोधतो. फाइलवर गूगलची सही नसेल तर ती नाकारणार, तो दरवाजा पक्का. पण ड्राइव्ह वाचायला सुरुवात करताना तो ड्राइव्हलाच विचारतो, ‘तुझा ब्लॉक केवढा?’ साधारण उत्तर ५१२ बाइट, आणि बूटलोडरने जागाही तेवढीच राखलेली. संशोधकाने रास्पबेरी पाय पिको या चिमुकल्या बोर्डाला खोटा यूएसबी ड्राइव्ह बनवलं आणि त्याच्याकडून मोठा आकडा सांगवला. बूटलोडरने विश्वास ठेवला, जास्तीचे बाइट शेजारच्या मेमरीत, स्टॅकवर सांडले, आणि सही तपासायची वेळ यायच्या आत संशोधकाचा कोड चालू. पिको केवढ्याला मिळतो ते पाहा, आणि कशाचं कुलूप उघडलं ते पाहा!

हे सापडलं कसं? बूटलोडर यू-बूट, त्याला जीपीएल हा मुक्त स्रोताचा परवाना, म्हणून गूगलला स्रोत प्रसिद्ध करावा लागतो. तो वाचून.

आता वाईट बातमी. गूगलला आधी कळवलं होतं, त्यांनी दुरुस्ती पाठवली. घरात जोडलेले हब आपोआप अपडेट होतात. म्हणजे ज्यांच्या स्वयंपाकघरात तो रोज चालू आहे त्यांच्यासाठी हा रस्ता केव्हाच बंद झाला. खोक्यात पडून राहिलेल्या नगाची गोष्ट निराळी.

अवांतर: पहिल्या पिढीच्या हबवर मुळात लिनक्सच होतं. २०२१ मध्ये गूगलने ते काढून फ्युशिया ही स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम घातली. वापरणाऱ्यांना फरकही कळला नाही.

नवखा_नारायण | मंगळवार, सायंकाळी ६.००

मावशी, दंडवत. पण हे कायद्यात बसतं का?

म्युनिकची_मावशी | मंगळवार, सायंकाळी ६.४०

पंत अमेरिकेत आहेत म्हणून तिकडचं सांगते. तिथे डीएमसीए या कॉपीराइट कायद्याच्या कलम १२०१ नुसार डिजिटल कुलूप तोडायला बंदी आहे, पण दर तीन वर्षांनी अपवाद ठरतात. स्मार्ट टीव्हींना अपवाद २०१५ मध्येच मिळाला होता, २०१८ च्या फेरीत आवाजावर चालणाऱ्या घरगुती सहायक उपकरणांनाही. आपलं सॉफ्टवेअर चालवण्यासाठी स्वतःचं उपकरण उघडणं, एवढ्यापुरतं. वॉरंटी हा विषय वेगळा, आणि ईबेवरच्या डब्याला कसली वॉरंटी. बाकी मी वकील नाही.

कोथरूडचा_कर्नल | मंगळवार, रात्री १०.१५

पंत, बॅकअप झाला असं धरतो. पुढचं काम त्यामानाने कंटाळवाणं आहे.

कुठल्याही लिनक्सवर पीएमबूटस्ट्रॅप हे पोस्टमार्केटओएसचं इन्स्टॉलर टाका. पायथनचा प्रोग्राम आहे. स्वतःपुरतं एक अल्पाइन तयार करून सगळं त्यातच करतो, तुमचं उबुंटू खराब करत नाही. ‘इनिट’ म्हटलं की तो प्रश्न विचारतो: कंपनी, उपकरण (मॉडेल नंबर सीडी-१८७८१वाय, तोच शोधा), कुठली शाखा, कुठला इंटरफेस. जे उपकरण ‘टेस्टिंग’ वर्गात असतं त्याला फक्त ‘एज’ ही सतत बदलणारी शाखा मिळते, म्हणून विकीवर आज वर्ग कुठला ते पाहून घ्या. काय चालतं, काय अर्धवट, हा तक्ताही तिथेच आहे. तो बदलत असतो, त्यामुळे माझ्या शब्दापेक्षा त्या तक्त्यावर भरवसा ठेवा.

इंटरफेस म्हणून फॉश किंवा प्लाझ्मा मोबाइल घेऊ नका. ते फोनसाठी छान आहेत. तुम्हाला एकच पान दाखवायचंय. नुसतं ‘कन्सोल’ घ्या आणि वर ‘केज’ टाका. केज हा वायलँडचा किऑस्क कंपोझिटर आहे. एक प्रोग्राम पूर्ण पडद्यावर चालवतो, बाकी काहीच करत नाही.

फ्लॅश झाल्यावर पडद्यावर काही येईना तरी घाई करू नका. यूएसबी केबल लावलेली असू द्या आणि १७२.१६.४२.१ वर एसएसएच (संगणकावरून दूरचं लॉगिन) करून बघा. पोस्टमार्केटओएस यूएसबीवरून नेटवर्क देतं. तिथे लॉगिन मिळालं याचा अर्थ कर्नल जिवंत आहे, भानगड फक्त पडद्याची. निम्म्या ‘ब्रिक झाला’ (म्हणजे डबा कायमचा मेला) धाग्यांमध्ये एवढीच तपासणी राहिलेली असते.

पेंग्विनपंत | शनिवार, सकाळी ११.३०

चालू झाला! बॅकअप घ्यायला गेलेला वेळ सोडला तर बाकी सरळ झालं. एसएसएचवर अल्पाइनचा प्रॉम्प्ट पाहून जो आनंद झाला तो घरात कुणालाच समजावता आला नाही.

तीन अडचणी. मराठी मजकुराच्या जागी चौकोन. पडद्यावरचं चित्र आडवं केलं, पण बोट लावलं की दाब भलतीकडेच लागतो. आणि क्रोमियम उघडून तासभर झाला की डॅशबोर्ड रांगायला लागतो.

कोथरूडचा_कर्नल | शनिवार, दुपारी १२.१०

चौकोन: अल्पाइन सोबत काहीच देत नाही, देवनागरी फॉन्टही नाही. नोटो देवनागरीचं पॅकेज एपीकेने (अल्पाइनचा पॅकेज मॅनेजर, अँड्रॉइडची फाइल नव्हे) टाका आणि ब्राउझर पुन्हा सुरू करा.

टच: पडदा फिरवला तरी टचला ते कळलेलं नसतं. यूडेव्हच्या (लिनक्समध्ये उपकरणं सांभाळणारा प्रोग्राम) नियमात लिबइनपुटची, म्हणजे टच वाचणाऱ्या लायब्ररीची, कॅलिब्रेशन मॅट्रिक्स द्यायची, नव्वद अंशाच्या फिरकीची. उलट्या दिशेची दिलीत तर वरचं बटण खाली लागेल, मग दुसरी द्या.

क्रोमियम: २ जीबीत त्याचा जीव घुसमटतो. झेडरॅम (रॅममधला मजकूर दाबून जागा वाढवणारी सोय) चालू आहे ना पाहा. तरी भागलं नाही तर क्रोमियम सोडा, ‘कॉग’ घ्या. वेबकिटचं छोटं रूप आहे, असल्याच पडद्यांसाठी केलेलं. आणि डॅशबोर्डवर कॅमेऱ्यांचे थेट व्हिडिओ टाकले असतील तर ते काढा, तिथे कुठलाच ब्राउझर मदत करणार नाही.

स्वयंपाकघर_सीटीओ | शनिवार, दुपारी २.००

अभिनंदन पंत! तिथी कुठून आणणार? पुण्यात छापलेली दिनदर्शिका टाकाल तर आई चूक काढतील.

पेंग्विनपंत | शनिवार, दुपारी २.४५

पुण्याची दिनदर्शिका टाकली तर काय बिघडलं? तिथी ती तिथीच ना?

स्वयंपाकघर_सीटीओ | शनिवार, दुपारी ३.३०

अहो नाही. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला ते. दर १२ अंशांना एक तिथी. ती संपते तो क्षण जगभर एकच. पण दिवसाला नाव मिळतं ते सूर्योदयाच्या वेळच्या तिथीचं, आणि तुमचा सूर्योदय पुण्यानंतर नऊ ते अकरा तासांनी. मधल्या वेळात तिथी बदलली की तुमच्याकडे पंचमी आणि आमच्याकडे चतुर्थी. महिन्यातले बरेच दिवस असं होतं. संकष्टीला तर चंद्रोदय बघायचा, म्हणजे उपवास एक दिवस इकडे-तिकडे होऊ शकतो. माझी बहीण टेक्सासला असते, तिच्या घरी यावरून दर महिन्याला फोन होतो.

तुमच्या गावाचे अक्षांश-रेखांश देऊन गणित करा. पायथनमध्ये स्कायफील्ड या खगोल-गणिताच्या लायब्ररीने सूर्य आणि चंद्राचे भोगांश (राशिचक्रावरचे कोन) काढायचे, वजाबाकी करायची, बाराने भागायचं. अयनांशाची (सायन आणि निरयन राशिचक्रातला फरक) भानगड नाही, वजाबाकीत ते उडून जातं. महिन्याचं नाव काढायचं असेल तर मात्र अयनांश लागेल, आणि आपले महिने अमान्त आहेत हे विसरू नका, नाहीतर कृष्ण पक्षात उत्तरेकडचा महिना दिसेल.

म्हापसेकर | शनिवार, दुपारी ४.०५

पाय घ्या म्हणणारा मीच. पण या तिथीच्या प्रतिसादासाठी धागा वसूल.

कोथरूडचा_कर्नल | शनिवार, दुपारी ४.२०

ताईंना मुजरा. पंत, हे गणित डब्यावर चालवू नका. होम असिस्टंटच्या सर्व्हरवर एक सेन्सर करा, डब्याने फक्त दाखवायचं. डबा जितका बिनडोक तितकं बरं. लॉगही रॅममध्ये ठेवा, आतली ईएमएमसी बदलता येत नाही.

नवखा_नारायण | शनिवार, रात्री ८.५०

आणि मराठीत बोलून दिवे लावता येतील का?

म्युनिकची_मावशी | शनिवार, रात्री ९.३५

व्हिस्परला (बोलणं ओळखून लिहिणारं सॉफ्टवेअर) मराठी येते, पण या चिपवर ते चालवू नका, आठ ए५३ गाभ्यांचा घाम निघेल. माइकचा आवाज सर्व्हरकडे पाठवायचा, ओळखायचं काम तिकडे. लहान मॉडेल मराठीत फार गोंधळतं, मोठ्याला बरा संगणक लागतो. त्याआधी या डब्याचा माइक मेनलाइनवर आज कुठल्या अवस्थेत आहे ते विकीच्या तक्त्यात बघा. उत्तर ‘अर्धवट’ असेल तर यूएसबी माइक शोधण्यापेक्षा दिव्याचं बटण जवळ असतं.

पेंग्विनपंत | रविवार, सकाळी ८.१५

फॉन्ट आला, टच जागेवर आला, कॉगवर डॅशबोर्ड रात्रभर चालला. शेवटचं एक: रात्री पडदा फार उजळ राहतो. सिसएफएसच्या बॅकलाइट फोल्डरमधली ब्राइटनेसची फाइल रूट म्हणून बदलता येते, साध्या युजरला नाही. दर वेळी सूडो?

कोथरूडचा_कर्नल | रविवार, सकाळी ९.४०

नको. यूडेव्हचा नियम करून ती फाइल ‘व्हिडिओ’ गटाला लिहिता येईल अशी करा, युजरला त्या गटात टाका. मग होम असिस्टंटकडून एसएसएचने सूर्यास्ताला एक आकडा, सकाळी दुसरा. शून्य देऊ नका, काही पॅनेल शून्यावर पूर्ण काळी होतात आणि मग आई म्हणतील डबा बंद पडला. आणि चालतंय तोवर या स्थितीचीही एक पूर्ण इमेज उतरवून ठेवा. एज शाखेवर असाल तर अपग्रेड सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना करू नये.